सावलीत न रडणारं इंजिन

साहेब, त्या इंजिनाला रडायला तुम्ही शिकवलंत. बाबा नंतर आला.

युद्ध संपून दोन वर्षं झाली, तरी विजयदिनाला आभाळात नऊ विमानं हवीत, आठांची रांग बोडकी दिसते, हा हट्ट तुमचा, हवाई तळाच्या प्रमुखाचा. नववं विमान माळावर आदळलं. तरणाताठा वैमानिक गेला. चौकशी एका ओळीत आटोपलीत: ‘इंजिनात बिघाड, कारण अज्ञात.’ पंख-शेपूट गाडीत घालून नेलंत, जड इंजिन तिथंच टाकलंत. कारण अज्ञात ठेवलं की बाबालोकांचं आयतंच फावतं.

पाच वर्षांनी त्या इंजिनाशेजारी एक बाबा मांडी ठोकून बसला. रोज बाराच्या सुमारास काळ्या लोखंडातून टपटप थेंब गळायचे. माणसं हात जोडायची, बाया डोळे पुसायच्या.

“वैमानिकाचा आत्मा आहे हा!” बाबा गरजायचा. “दहा हजार फुटांवरून थेट बोलतोय! पापी जवळ आला की रडतो!”

पापी म्हणजे फिटर. त्या विमानाची देखभाल त्याच्याकडे होती. आता तो बसगाड्यांच्या कारखान्यात होता आणि बाराचा भोंगा झाला की माळावरूनच घरी जेवायला जायचा. तो दिसला की थेंब! गावाला आणखी कसला पुरावा हवा? कारखान्याचा मालक म्हणाला, “पुढच्या महिन्यापासून तू दुसरीकडे काम बघ.” ते त्यानं गिळलं असतं. पण वैमानिकाच्या आईनं दार लावून घेतलं, ते काही गिळवेना. तिचा पोरगा ह्याच्या हातचा चहा पिऊनच विमानात चढायचा.

“मी गेलो की रडतं गं ते,” एका रात्री तो बायकोला म्हणाला. “मलाही आता वाटायला लागलंय...”

बायको शिवणकाम करायची. तिनं दातांनी दोरा तोडला. “तुम्ही गेलात की ऊन पण असतं. उन्हाला कुणी पापी म्हणत नाही. उद्या रजा टाका.”

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच दोघं माळावर. फिटर इंजिनाला खेटून बसला. थेंब नाही.

“आत्मा विचारात पडलाय,” बाबा म्हणाला.

बायकोनं मोठी काळी छत्री उघडली आणि इंजिनावर धरली.

“बाई, छत्री मिटा! अपमान होतोय!”

“ऊन लागतंय हो बिचाऱ्याला.”

बारा वाजले, एक वाजला. गर्दीला भुका लागल्या. पापी जागेवर, आत्मा जागेवर, अश्रू गायब.

“काय बाबा,” मागून कुणीतरी ओरडलं, “आत्म्याला सावलीत रडू येत नाही वाटतं?”

बायकोनं छत्री मिटली. लोखंड तापलं आणि अर्ध्या तासात टप, टप. तिनं एक थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला. “अगं बाई! हे तर माझ्या शिलाई मशीनचं तेल!”

फिटरनं खिशातून पाना काढला. बाबा आडवा आला, पण तोवर चारजणांनी त्याला प्रेमानं खाली बसवलं. झाकण उघडलं. आत तेलाचा डबा, स्वच्छ, नवाकोरा. डब्याच्या तळाला भोक, भोकात मेणाचा बोळा, अर्धा वितळलेला. उरलेल्या मेणावर अंगठ्याचा ठसा. रोज पहाटे डबा भरायचा, बोळा बसवायचा, बाकीचं काम सूर्याचं.

हशा उसळला. बाबाचा अंगठा मेणावर टेकवून पाहिला तेव्हा तर माणसं पोट धरून बसली.

वैमानिकाची आई तेवढी हसली नाही. ती गर्दीतून पुढं आली. “मग माझं पोर कशानं गेलं रे?”

“मावशी, तेलाचा पंप झिजला होता. फिटरची सही असल्याशिवाय विमान उडवायचं नाही, असा नियम. मी सही केली नाही. विमानाच्या वहीत तीनदा लिहिलं: तेलाचा दाब पडतोय, उडवू नये.”

“मग उडालं कसं?”

“खाली दुसऱ्या कुणीतरी सही केली असणार. वही चौकशीला नेली, ती परत आली नाही.”

म्हातारीनं छत्री घेऊन उघडली आणि फिटरच्या डोक्यावर धरली. “चल, जेवायला उशीर झाला तुला.”

लोकहो, लोखंड रडत नाही. झिजतं, तापतं, तुटतं, आणि प्रत्येक वेळी त्याला कारण असतं. बाबानं अश्रू दाखवले की छत्री उघडा. आणि साहेबानं ‘अज्ञात’ म्हटलं की वही मागा.

बाबाचा अंगठा आम्ही ताडून पाहिला, साहेब. आता वही काढा. त्या तीन ओळींखाली सही कुणाची आहे?