बघून कळवतो

प्रत्येक राष्ट्राच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की त्याला आपला सुपुत्र साता समुद्रांपलीकडून बोलावून घ्यावा लागतो. भारताचा तो क्षण ऑगस्ट २००७मध्ये, एका मंगळवारी सकाळी साडेआठला, टेक्सासातल्या शुगर लँडमध्ये उजाडला. सुपुत्र तेव्हा आंघोळ करत होता. फोन त्याच्या आईने, शोभनाबाईंनी घेतला.

भारताच्या पहिल्यावहिल्या आइस हॉकी संघाला प्रशिक्षक हवा होता. परीक्षितकडे लीगमध्ये खेळल्याचा नऊ वर्षांचा अनुभव होता, दीड गुडघा होता आणि पुढचे दोन सोडले तर सगळे दात होते. टॉवेल गुंडाळून तो अर्धा तास बोलला. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवर शोभनाबाई श्वास रोखून ऐकत होत्या. संघटनेचे चिटणीस चारुदत्त मराठीच निघाले. शेवटी म्हणाले, “छान वाटलं बोलून. बघून कळवतो.”

“येस!” परीक्षितने हवेत मूठ उडवली आणि टॉवेल जेमतेम सावरला. “आई, कळवतो म्हणाले!”

शोभनाबाईंनी स्वयंपाकघरातला फोन ठेवला. “अरे सोन्या, कळवतो म्हणजे नाही.”

“मग नाही म्हणजे काय?”

“नाही असं तोंडावर कुणी म्हणतं का? तुझ्या शैलजाआत्याला बघून सात जण कळवतो म्हणाले. त्यातले दोघे तर आता वारलेसुद्धा.”

परीक्षितला एका विमा कंपनीत नोकरी मिळत होती, पण शुक्रवारी बारापर्यंत सही फॅक्स करायची होती. एकदा सही केली, की हॉकी संपली. बाहेर शंभर डिग्री असताना ज्या पोराला सहाव्या वर्षापासून स्वेटर घालून रिंकवर सोडलं, तो आता गारपिटीत फुटलेल्या छपरांचे क्लेम तपासणार होता. बर्फाशी संबंध उरणार तो एवढाच.

बुधवारी फोन आला नाही. गुरुवारी शोभनाबाई दर पंधरा मिनिटांनी रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना, ते बघत राहिल्या.

“अगं, तू सारखा उचलतेस म्हणून त्यांना एंगेज लागत असेल!” परीक्षितचे बाबा, रवींद्र, वैतागले. झालं, आता तीही काळजी लागली.

शुक्रवारी पावणेबाराला परीक्षितने सही केली. “यू नो देम बेटर, आई.”

आणि आयुष्यात पहिल्यांदा शोभनाबाईंना धडकी भरली: समजा, हा एकच मराठी माणूस बोलतो तसंच वागणारा असला तर?

कागद फॅक्समध्ये सरकवला, एवढ्यात फोन वाजला. परीक्षितने तो स्पीकरवर घेतला.

“निवड झाली तुमची. एकमताने,” चारुदत्त म्हणाले. “कळवतो म्हटलं होतं ना!”

शोभनाबाईंनी कागद खसकन ओढला, त्याचे चार तुकडे केले आणि खुर्चीत बसून रडायला लागल्या. रवींद्र उगाचच फॅक्स मशीनची पाठ थोपटत राहिले.

“फक्त एक छोटीशी विनंती होती,” चारुदत्त खाकरले. “ती रबराची काळी चकती असते ना, तुम्ही काठीने मारता ती? येताना तेवढी एक आणाल का? आमच्याकडे एकच होती. मार्चमध्ये बर्फ वितळला, तेव्हा तळ्यात बुडाली.”