ओट्याचं पत्र

पाय मोडून त्यात सळई बसली आणि बळीरामभाऊ घरात अडकला. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगात उभा जन्म चारचौघांत गेलेला हा गप्पिष्ट माणूस टीव्हीतल्या बातमीवाल्याला उत्तरं द्यायला लागला. त्याच्या बायकोनं, नलूबाईनं ठरवलं, याला चौकात जाता येत नाही तर चौकच दारात आणू. दारापुढे, स्वतःच्याच जागेत, ओटा बांधायचा. दहा बाय पाच.

गल्लीत निम्म्या लोकांनी कोणाला न विचारता ओटे बांधले, दोघांनी तर नालीवर. कोणी हूं की चूं केलं नाही. नलूबाईनं मात्र कायद्यानं विचारलं, म्हणून तिला हेलपाटे.

पालिकेचं नाव सांगत नाही. तिथला बाबू नंदकिशोर फ्लॅटात राहणारा. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "मावशी, परवानगीच्या यादीत व्हरांडा आहे, कंपाउंड आहे. ओटा नाही."

"काहून नाही? तुमच्या घरी ओटा नाही काय, बापा?"

"आहे ना. ग्रॅनाइटचा. बायको त्यावर स्वयंपाक करते."

'तो नाही, दारापुढचा,' असं नलूबाईच्या तोंडावर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. "मंग लिहा तसंच. ओटा."

बाबूनं अर्जाला जोडलेला नकाशा उघडलाच नाही. आठवड्यात शिक्क्याचं पत्र आलं: 'आपल्या अर्जातील ओट्यास परवानगीची आवश्यकता नाही.'

बळीरामनं ते दोनदा वाचलं. "अवं, त्याले सैपाकाचा वाटला."

"वाटू द्या. मिस्त्री उद्या येऊन राह्यला."

ओटा झाला. शहाबादी फरशी, टेकायला भिंत. महिन्याभरानं नंदकिशोर टॅक्सच्या कामानं गल्लीत आला आणि थबकला. "मावशी, हे काय?"

"ओटा."

"हा तर बाहेर आहे."

"पत्रात आत-बाहेर काई लिहलं नाही, सायेब. दाखवू?"

त्यानं पत्र वाचलं. खाली सही त्याचीच. रद्द करायचं तर नकाशा न पाहता सही केली, हे साहेबाला लिहून द्यावं लागणार.

"उभे काहून? बसा ना," बळीराम सरकून म्हणाला. "तुमचं मूळ गाव कोणतं?"

नंदकिशोर बसला. मुकुटबन म्हणाला आणि फसला. मुकुटबनचा कापूस बळीरामला पुरता ठाऊक होता. चहा दोनदा झाला. पलीकडचा देवीलाल आला, तोही टेकला. आत नलूबाईनं टीव्ही बंद केला.