झोटिंगची परवानगी

कुडव्याच्या नूतनला नोकरी कसली, असं कोणी विचारलं की तिची सासू सांगायची, "नाही म्हनाची." आणि म्हातारी काही खोटं बोलत नव्हती. लॉस एंजेलिसची एक कंपनी जपानातल्या वीरांच्या मालिका विकत घ्यायची आणि अमेरिकन पोरांसाठी नव्यानं बांधायची. मारामारी जपानचीच ठेवायची, कारण मारामारीत सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे. आत कोण आहे ते कोणाच्या बापाला कळतंय? मुखवटा काढून बोलायचे प्रसंग तेवढे अमेरिकेत, तिथले नट घेऊन पुन्हा चित्रित करायचे. आणि नावं सगळी नवी. जपानी नावं तिकडच्या पोरांच्या जिभेवर बसत नाहीत, आणि बसलीच तर ते नाव आधीच कुठल्या तरी बुटाच्या कारखान्यानं नोंदवून ठेवलेलं असतं. कोणतं नाव कोणाच्या मालकीचं आहे, हे धुंडाळायचं काम नूतनचं. घरीच, कपाटाशेजारच्या टेबलावर, लॅपटॉप उघडून. वाघ गेलेला, गरुड गेलेला, वीज, वादळ, वणवा, सगळ्यांना कोणी ना कोणी मालक. यादी यायची आणि नूतन लिहायची, नाही, नाही, नाही. दोन वर्षं हेच.

आता सांगा, दोन वर्षं दुसऱ्याच्या तांदळातले खडे वेचणाऱ्या बाईला एखाद्या दिवशी आपणही भात रांधावा, असं वाटणार की नाही? नूतनला वाटलं. पाच वीरांतल्या काळ्या वीराचं नाव काही केल्या जुळेना. साठावं नाव बाद झालं, तेव्हा तिनं खाली स्वतःचं एक लिहून दिलं: झोटिंग. अर्थ, कोणाच्या बापाचं न ऐकणारं जबरदस्त भूत. मालक, जगात कोणी नाही. तिची तिकडची साहेबीण डॅना, तिनं उलट टपाली कळवलं की यादी फाडली, हेच नाव, नोंदणीचा अर्ज भर. नूतननं त्या दिवशी सासूला दोनदा मिठी मारली, आणि सासूनं तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

पण सुख असं सरळ अंगी लागलं तर ते सुख कसलं! बुधवारी सकाळी चहा गाळता गाळता नूतननं फोन पाहिला आणि निम्मा चहा ओट्यावर सांडला. कंपनीच्या वकिलानं लिहिलं होतं: 'महाराष्ट्रात झोटिंग नावाचा एक धावपटू आढळला आहे. त्यानं अकरा शर्यती जिंकल्या आहेत. त्याच्या नावाचे टी-शर्ट मिळतात. अर्जात याचा उल्लेख का नाही? त्याचा प्रतिनिधी कोण? शुक्रवारपर्यंत लेखी संमती न आल्यास नाव रद्द.'

धावपटू! अहो, झोटिंग म्हणजे नूतनच्या मामाचा बैल! बोदलकसा तलावाजवळच्या गावात बकाराममामाची धानाची शेती. त्याचा एक काळाभोर गोऱ्हा रोज दावं तोडून पळायचा, म्हणून त्याचं नाव पडलं झोटिंग. पुढं शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, तो असा पळाला की गावातल्या पोरांनी त्याच्या नावाचे टी-शर्ट छापले आणि व्हिडिओ टाकून टाकून त्याला पार नटासारखा करून सोडला. हे नूतनला ठाऊक नव्हतं काय? चांगलं ठाऊक होतं. नाव तिनं तिथूनच तर उचललं होतं. पण अर्जातला प्रश्न होता, हे नाव खेळात किंवा करमणुकीत कोणी वापरतं का? त्या 'कोणी'त बैलही बसतो, हे कोणाच्या डोक्यात येईल? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिनं घाईघाईनं कळवलं, तो धावपटू नाही, बैल आहे. वकिलाचं उत्तर एका ओळीचं: 'ठीक. मालकाची संमती पाठवा.'

नूतननं संमतीचा कागद मराठीत करून छापला, स्कूटीला किक मारली आणि तिरोड्याच्या रस्त्यानं मामाचं गाव गाठलं. मामा गोठ्यात बैलासाठी सरकीची ढेप भिजवत होता. मामी सुशीलाबाई ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होती. आणि खुद्द अकरा शर्यतींचा मानकरी खांबाला पाठ घासत उभा होता.

"काऊन वो, आज काम नाही का तुले?" मामानं विचारलं.

नूतननं सगळं सांगितलं. जपान, अमेरिका, मुखवटे, वकील, कागद. मामानं हात पुसत पुसत ऐकलं.

"म्हंजे अंग जपानी, तोंड अमेरिकी, आन नाव माह्या बैलाचं?"

"हव मामा."

"अबबब!" मामा खदाखदा हसला. "दे कागद. पन पह्यले दाखव त खरं, तुमचा झोटिंग दिसते कसा."

इथंच घोडं अडलं. नूतननं लॅपटॉप ओसरीवर मांडला. काळा वीर आला, डोक्यावर दोन शिंगं, उंच उडी. मामा खूश. हातात पेनही घेतलं. तेवढ्यात विंचवाच्या शेपटीचा एक राक्षस आला आणि त्यानं काळ्या वीराच्या पाठीवर सटकन चाबूक ओढला. मामानं पेन खाली ठेवलं.

"नाही देत नाव."

"मामा!"

"माह्या झोटिंगले आजवर कोनी काठी लावली नाही. पटात बैल हाकनाऱ्या धुरकऱ्यालेबी माहं सांगनं रायते, हाक मार, हात नको लावू. आन हा विंचवाचा लेक त्याले चाबकानं मारून राहिला?"

"अहो, ते खेळातलं आहे."

"पटबी खेळच हाये."

मारामारी जपानात होऊन गेलेली, तिच्यातला मार काही परत घेता येत नव्हता. नूतन मामाजवळ सरकली. "मामा, दोन वर्षं झाली, मी नुसती नाही म्हणून राहिली. हे एकच नाव माझं लागत होतं."

मामाचा चेहरा उतरला. भाचीवर त्याचा जीव होता. "बाई, तुह्यासाठी मी माही पाठ देईन. त्याची कशी देऊ?"

मामीचं लक्ष मात्र लॅपटॉपवर होतं. लाखोळीचं सूप मांडीवर तसंच, आणि बाई टक लावून पाहत होत्या.

"हे पांढरी कोन हाये वो?" मामीनं विचारलं.

"पाचांतली एक. पोरगी आहे. तिचं नाव अजून ठरायचं आहे."

"तिले कोनी शिवलंच नाही. मी कवाची पाहून राहिली."

नूतन ताडकन सरळ बसली. खरंच की! मुखवट्यावर थोडंच नाव लिहिलेलं असतं? ज्याला चिकटवाल त्याला चिकटतं. पण मामाला 'बहुतेक' चालणार नव्हतं, पुरी खातरी हवी होती. मालिकेचे पन्नास भाग. गुरुवारी सकाळपासून भाची आणि मामी नुसत्या मारामाऱ्या पाहत बसल्या. लाल वीर चिखलात पडला, निळा भिंतीवर आदळला, पिवळ्याला तर राक्षसानं गरगर फिरवून फेकला. पांढरी मात्र वाकायची, वळायची, निसटायची आणि एक लाथ देऊन मोकळी. मामी प्रत्येक लाथेला "हाण!" म्हणायची. दुपारी मामानं भात रांधला, तो बुडाला लागला, आणि कोणी काही न बोलता खाल्ला. पन्नासावा भाग संपला तेव्हा ऊन ओसरीवरून उतरलं होतं. पांढरीला बोट लागलं नव्हतं.

आता खरी धाकधूक. बैलाचं नाव, तेही पटातल्या पठ्ठ्याचं, आणि ते एका पोरीला? मामा ऐकेल?

मामानं झोटिंगकडं पाहिलं, मग लॅपटॉपकडं, पुन्हा झोटिंगकडं. "माहा त कारा हाये. हे पांढरी."

"हो."

"मार खात नाही?"

"एकदाही नाही."

"देते मात्र लय," मामी म्हणाली.

मामानं मिशीवरून हात फिरवला. "मंग पोरगी त पोरगी! कोनाचं न आयकनारं भूत म्हनते ना? या घरात चाळीस वर्सं झाली, मी एका झोटिंगसंगंच संसार करून राहिलो."

मामीनं मूठभर लाखोळी फेकून मारली. नूतन इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

सही करण्याआधी मामानं एक ओळ वाढवून घेतली: 'या नावाच्या वीराला काठी, चाबूक किंवा हात लावला जाणार नाही, आजही नाही आणि पुढच्या भागांतही नाही.' खाली लिहिलं, 'झोटिंगकरिता, बकाराम.' नाव बैलाचं, आपण नुसते हाताचे धनी, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी डॅनाचं उत्तर आलं. वकील म्हणतो असं कलम आपण आयुष्यात वाचलं नाही, पण हरकत नाही, नाव पांढरीला देऊ. लेखकांचं तर म्हणणं पडलं की जिला कोणी शिवू शकत नाही तिलाच पुढं काढू.

दिवाळीनंतर, गावोगावच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या दिवसांत, कंपनीनं पहिली झलक जगासाठी खुली केली. नूतननं ती घरी पाहिली नाही. तशीच स्कूटी काढली आणि मामाकडं गेली. दुपारची वेळ, झोटिंग गोठ्यात बसून रवंथ करत होता, मामा त्याच्या मानेखाली खाजवत होता, मामी दारात. नूतननं फोनचा आवाज वाढवला आणि मध्ये धरला. पांढऱ्या वीरांगनेनं मुखवटा काढला. आत एक कुरळ्या केसांची अमेरिकन पोरगी, सोळा-सतरा वर्षांची. पाय रोवून तिनं राक्षसापुढं आपलं नाव घेतलं, छाती भरून, 'ट' जरा बोबडा, पण पुरं:

"झोटिंग!"

बैलाचं रवंथ थांबलं. कान ताठ झाले. आणि तो धडपडत उठून उभा राहिला, दावं ताणून, फोनकडं तोंड करून.

मामाचे डोळे डबडबले. त्यानं ते लपवलेही नाहीत. "आयकलं ना लेकानं," तो म्हणाला. "सांग त्या पोरीले, अजून एक डाव हाक मार म्हना."

नूतननं पुन्हा लावलं.