जेवणानंतर पुन्हा या

"मॅडम, मले येते हे. फक्त सुचून नाही राहिलं," योगेश म्हणाला आणि कपाळ पुसू लागला.

माझी सरोजिनी आत्या त्याच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेली परीक्षक होती. मला शाळेला सुट्टी, म्हणून मीही तिच्या स्कूटरवर मागे बसून हडपसरच्या त्या कॉलेजात आले होते. आता मी दहावीत आहे. दाराशी उभं राहून ऐकायला कुणाची परवानगी कशाला?

कॉम्प्युटरमधल्या 'स्टॅक'ची व्याख्या योगेशने एका दमात म्हटली होती : शेवटी ठेवलेलं आधी निघतं. आत्या म्हणाली, "उदाहरण द्या. पुस्तकातलं ताटल्यांच्या चळतीचं नको." झालं, गाडी थांबली!

विभागप्रमुख टेबलावरच्या गार होत चाललेल्या वड्यांकडे आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "अहो, देऊन टाका पास होण्यापुरते गुण. हिंजवडीत नोकरी लागलीय त्याला. नापास झाला तर जाईल."

"पाठांतर तिथं किती दिवस पुरेल? योगेश, जेवणानंतर पुन्हा या."

"दरवर्षी तुमच्यामुळे उशीर होतो. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलवू."

"बोलवा की. त्यांना वडे तेवढे गरम द्या."

योगेश पायरीवर डोकं धरून बसला. मी शेजारी जाऊन बसले. "मला शिकव."

"तू तर शाळेतली!"

"म्हणूनच. मला कळलं तर कुणालाही कळेल."

त्याने व्याख्याच पुन्हा म्हटली. मी म्हटलं, "नाही कळलं." पुन्हा म्हटली. "नाहीच कळलं." खरंच कळलं नव्हतं! तो वैतागला. माझ्या हातात ताईच्या लग्नात भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. त्यांकडे बोट करून तो म्हणाला, "ती कोपराकडची काढ बरं!"

"कशी काढू? आधी पुढच्या काढायला नकोत?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग दोघंही हसत सुटलो.

जेवणानंतर आत गेल्यावर त्याने बांगड्यांचं सांगितलं. आत्याने विचारलं, "आणि हे लागतं कशाला?"

या वेळी तो घाबरला नाही. विचार करून म्हणाला, "कॉम्प्युटरवर केलेल्या चुका मागे घ्यायले, मॅडम. शेवटची चूक आधी."

आत्याने गुण लिहिले.

"पास का जी?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"येते मले."

"मग मला कशाला विचारता?"

त्याचा चेहरा असा उजळला, की मलाच पास झाल्यासारखं वाटलं!

सगळं आटोपल्यावर आत्याने गार वडा अर्धा करून मला दिला.

"आत्या, आता तुला इथे बोलावणार नाहीत ना?"

"नाही गं."

फाटकाशी स्कूटर वळली, तेव्हा योगेश पायरीवर दुसऱ्या एका मुलाचं मनगट धरून काहीतरी समजावत होता. आत्याने ब्रेक दाबला. थोडा वेळ बघत राहिली, मग पदर खोचून निघाली.