हेडलाइटचे नाक

मी एक जुना हेडलाइट आहे, गाडीच्या उजव्या बाजूचा. डाव्या बाजूला माझा जुळा भाऊ असतो. त्याला बोलायची सवय नाही आणि मला गप्प बसायची नाही. तेव्हा मित्रांनो, दोघांची गोष्ट मीच सांगतो.

एका मोठ्या कारखान्यात आमचा जन्म झाला. पुढे स्वच्छ काच, आत आरशासारखी चकचकीत वाटी आणि मधोमध बल्ब. एवढे तुम्हाला बाहेरूनही दिसते. दिसत नाही ते माझे नाक. माझ्या पाठीमागे एक बारीक भोक आहे आणि त्यावर बोटाच्या पेराएवढी वाकडी रबरी नळी. दिवा लागला की आतली हवा तापते आणि या नाकातून बाहेर पडते. दिवा विझला की मी गार होतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. म्हणजे तुमच्यासारखाच श्वास घेतो म्हणा ना. दमट सकाळी माझ्या काचेवर आतून थोडी वाफ धरते, पण दिवा जरा वेळ लावला की ती नाकाच्या वाटेने निघून जाते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

आमची पहिली मालकीण जनावरांची डॉक्टर होती. गाय अडली, घोडा लंगडला की ती वेळकाळ न बघता निघायची आणि आम्ही तिला वाट दाखवायचो. गोठ्यातली माणसे म्हणायची, "लांबून उजेड दिसला आणि जीव भांड्यात पडला." हे कौतुक ऐकून मी जो फुगलो, तो आजतागायत उतरलेलो नाही.

पुढे तिने नवी गाडी घेतली आणि आम्ही एका प्लंबरच्या घरी आलो. गल्लीत सगळे त्यांना भाऊ म्हणतात आणि त्यांच्या बायकोला वहिनी, म्हणून मीही तेच म्हणतो. भाऊ स्वभावाने फार मायाळू. पण त्यांना एक खोड आहे. कुठे पाण्याचा थेंब दिसला की ते भोक शोधणार आणि बुजवणार. डब्याचे झाकणसुद्धा ते नळाच्या जोडासारखे पिळून बसवतात.

त्या वर्षी वहिनी गाडी शिकल्या. केस पांढरे व्हायला लागल्यावर शिकल्या आणि झोकात शिकल्या. बालवाडीच्या मुलांना घरून आणायचे आणि परत सोडायचे काम त्यांना मिळत होते. त्यांच्या आयुष्यातली पहिली नोकरी. अट एकच होती, गाडी तपासणीत पास व्हायला हवी. वहिनींनी आनंदाने अख्खी गाडी पुसून काढली. भाऊंनाही कौतुक होते, पण काळजी त्याहून जास्त. वहिनी गाडी काढायला निघाल्या की हे शेजारच्या सीटवर हजर. "हळू. समोर बघ. अगं, ती सायकल." बिचारी सायकल भिंतीला टेकून उभी असायची.

अशाच एका सकाळी भाऊंना माझ्या काचेवर वाफ दिसली.

"अगं, हा गळतोय," ते म्हणाले, आणि बॉनेट उघडून माझे नाक चिकट लुकणाने गच्च बुजवून टाकले. डाव्याच्या पाठीशी बॅटरी आहे. तिथे भाऊंचा जाड हात शिरला नाही, म्हणून तो वाचला.

मित्रांनो, नाक दाबले की तोंड उघडते. गार होताना मला श्वास तर घ्यावाच लागे. मग मी काचेच्या कडेच्या फटीतून हवा ओढू लागलो आणि तिच्याबरोबर गाडी धुतल्याचे पाणीही आत येऊ लागले. आलेले पाणी बाहेर जाईना. वाफेचे थेंब झाले, थेंबांचे तळाशी डबके झाले. जितके थेंब दिसत, तितके भाऊ आणखी लुकण लावत. रोगापेक्षा औषध भारी, दुसरे काय.

व्हायचे तेच झाले. तपासणीच्या बाईंनी भिंतीसमोर दिवे लावायला सांगितले. डाव्याचा उजेड नीट पुढे पडला. माझा मात्र भिंतभर विखुरला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"सोमवारी पुन्हा आणा," बाई म्हणाल्या. "तेव्हाही असंच असलं तर मुलांसाठी ही गाडी चालणार नाही."

घरी येताच वहिनींनी चावी खिळ्याला अडकवून टाकली. भाऊ म्हणाले, "हा दिवा भंगारात देतो, दुसरा शोधतो." ते ऐकून माझे तर पाणी पाणी झाले, तेही आतल्या आत.

रविवारी वहिनींनी स्वयंपाक केला. भाऊंनी मदत म्हणून गरम भाताच्या डब्याला झाकण पिळून बसवले. वहिनींनी ते उघडले तर आतून टपटप पाणी.

"किती वेळा सांगितलं तुम्हाला, गरम डबा असा कोंडू नका, त्याला घाम..." वहिनी बोलता बोलता थांबल्या. मग हातात झाकण तसेच धरून अंगणात आल्या आणि बॉनेट उघडले. त्यांचा बारीक हात बॅटरीमागे सहज गेला.

"अहो, इकडे या. याला मागे भोक आहे. ते उघडं आहे आणि हा कोरडा आहे. त्याचं तुम्ही बुजवलंत आणि तो ओला आहे."

भाऊंनी वाकून डाव्याची काच बघितली, नंतर माझी. मग त्यांना जे हसू फुटले ते आवरेना. "जन्मभर भोकं बुजवली. आज पहिल्यांदाच उघडायची वेळ आली." वहिनींच्या दाभणाने त्यांनी सगळे लुकण कोरून काढले. मागचे झाकण उघडून केस वाळवायच्या यंत्राने मला सावकाश, कोमट वारा दिला. कडेची फट तेवढी बंद केली. किती दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला. काय सांगू, अंगात नुसते वारे संचारले.

सोमवारी माझा उजेड भिंतीवर सरळ, धारदार पडला.

"काय केलंत?" तपासणीच्या बाईंनी विचारले.

"काही नाही," भाऊ म्हणाले. "केलं होतं ते काढलं."

कामाच्या पहिल्या सकाळी धुके होते. वहिनी चालकाच्या जागी बसल्या. सवयीने भाऊही शेजारी बसले. वहिनींनी हात जोडले नाहीत की राग केला नाही. फक्त चावी न फिरवता बसून राहिल्या. भाऊ पट्टा ओढता ओढता थांबले, मग तो त्यांनी सोडून दिला.

"जा तू," ते म्हणाले आणि खाली उतरून फाटकाशी उभे राहिले. वहिनींनी दिवे लावले, आम्ही दोघांनी धुक्यातून रस्ता दाखवला, आणि पहिल्याच वळणावर त्या गाणे गुणगुणायला लागल्या.

मित्रांनो, माझ्या काचेवर वाफ दिसली तर दिवा लावा आणि जरा धीर धरा. थेंब राहिलेच, तर माझे नाक मोकळे आहे ना, ते आधी बघा. आणि तुमच्या घरी कोणी नवे काही शिकत असेल, तर त्यांची काळजी जरूर करा. पण ती फाटकाशी उभे राहून करा, शेजारच्या सीटवर बसून नको.