दोंब्रुव्का नावाची तीन गावे

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. मांजरपाटावर काढलेला, कडा दुमडून शिवलेला, आणि आता न्यूझीलंडमधल्या टौरंगा शहरातल्या एका गॅरेजमध्ये फळीवर गुंडाळून ठेवलेला. माझ्या एका अंगाला रंगाचे रिकामे डबे आहेत. दुसऱ्या अंगाला घट्ट झाकणाचा एक लहान डबा आहे. त्यात कोण आहे ते मी सांगणार आहे, पण आधी माझी हकिकत ऐका. ती ऐकायला आता दुसरे कोणी उरलेले नाही.

माझा जन्म कोल्हापूरजवळ वळिवड्याला झाला. हसू नका. दुसरे महायुद्ध चालू असताना आपला देश सुटलेली पोलिश माणसे, त्यांतही बहुतेक बायका आणि मुले, तिथल्या छावणीत येऊन राहिली होती. यानिनाबाई नावाच्या एक बाई तिथल्या शाळेत भूगोल शिकवत. मुलांना आंबे, बैलगाड्या, पंचगंगा हे सगळे पाठ झाले होते, पण स्वतःचे घर हळूहळू आठवेनासे झाले होते. बाईंनी या गोष्टीची धास्ती घेतली. त्यांनी कोल्हापुरातून मांजरपाट आणला, त्याला तांदळाची खळ दिली, आणि आपला जिल्हा आठवून आठवून त्यावर काढला. तोच मी.

नावाला जिल्हा, पण आपल्या एखाद्या तालुक्याएवढा. सगळी सपाटी, डोंगर औषधालाही नाही. राय नावाच्या धान्याची आणि बटाट्याची शेते, मधे मधे दलदल, आणि या सगळ्यातून वाकडीतिकडी जाणारी ओल्शांका नदी. जिल्ह्याचे भाग पाडलेले होते, त्यांना ग्मिना म्हणत. एका ग्मिनेत पुष्कळ गावे, आणि प्रत्येक गावाला एक सोल्तिस. सोल्तिस म्हणजे आपला पाटीलच म्हणा. वरून काही हुकूम आला की तो घरोघर निरोप धाडायचा, आणि लोक त्याला शिव्या देत देत ऐकायचे. बाईंनी प्रत्येक ग्मिनेला वेगळा रंग दिला. पिवळी ग्मिना हळदीची आणि निळी ग्मिना धोब्याकडच्या निळीची होती. माझा मला फार अभिमान वाटायचा.

आता नीट ऐका, कारण गोष्टीची गाठ इथेच आहे. या जिल्ह्यात दोंब्रुव्का नावाची तीन गावे होती. एक खाली जंगलाच्या कडेला, एक मोठ्या रस्त्यावर, आणि एक वर, नदीच्या पलीकडे. तिन्ही वेगवेगळ्या ग्मिनांत. तिथल्या माणसाला पत्र पाठवायचे तर गावापुढे ग्मिनेचे नाव घालावेच लागे, नाहीतर पोस्टमन ते भलत्याच दोंब्रुव्केत नेऊन टाकी.

मी पुरा झालो तेव्हा बाईंनी मुलांना बोलावले. प्रत्येकाने आपापल्या गावावर लाल ठिपका द्यायचा होता, पण लाल शाई संपलेली होती. मग छावणीबाहेरच्या दुकानातून कुंकू आणले, पाण्यात कालवले, आणि एकेक मूल बोट बुडवून माझ्यावर टेकवू लागले. शेवटी हॅलिना आली. आठ वर्षांची, काडीसारखी, आई वाटेत गेलेली. ती म्हणाली, "माझं गाव दोंब्रुव्का." ग्मिना कुठली ते तिला सांगता येईना. गावात राहणारे मूल कशाला ग्मिनेचे नाव घेते?

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी तिला मांडीवर घेतले आणि विचारत गेल्या. "चर्चला जाताना नदी लागायची का? सूर्य पवनचक्कीमागे बुडायचा की घरामागे? विहीर अंगणात होती की रस्त्यावर?" हॅलिना डोळे मिटून उत्तरे देत गेली. मग बाईंनी तिचे ओले बोट धरले आणि तीनपैकी एका गावावर टेकवले. त्या तीन गावांत तेवढाच एक ठिपका पडला, कारण बाकीच्या दोन दोंब्रुव्कांचे मूल छावणीत कोणी नव्हतेच.

छावणी मोडली तेव्हा बाईंनी मला हॅलिनाच्या हाती दिले. न्यूझीलंडला तिची मावशी होती, तिच्याकडे आम्ही दोघे आलो. हॅलिना मोठी झाली, हॅमिल्टन शहरात ते-रापा भागातल्या दूध कारखान्यात कामाला लागली, तिने लग्न केले, रिचर्डला जन्म दिला. मी हॅमिल्टनच्या तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर होतो. कामावर जाताना ती एक बोट आपल्या गावावर टेकवी आणि मगच दार ओढून घेई. असे एक दिवस नाही, एक वर्ष नाही, जन्मभर चालले. ते माझ्या चैनीचे दिवस होते. पोलिश मंडळाच्या प्रदर्शनात मला मधोमध लावत, आणि रिचर्ड लहानपणी मला टी टॉवेल म्हणून चिडवायचा, त्याचाही मला राग येत नसे.

तिकडे मात्र माझे जग मोडत होते. सरकारने मधे सगळे जिल्हेच रद्द केले, पुढे काही वर्षांनी परत आणले, ग्मिनांच्या सीमा इकडच्या तिकडे झाल्या. रिचर्डने एकदा कॉम्प्युटरवर पाहिले तर दोंब्रुव्का तीन होत्या खऱ्या, पण कुठली पूर्वी कुठल्या ग्मिनेत होती याचा पत्ता नाही. गावांची जुनी दप्तरे युद्धात जळाली होती. "मॉमचा नकाशा आहे ना," तो म्हणाला आणि त्याने कॉम्प्युटर बंद केला. माझा फोटोसुद्धा काढून ठेवला नाही. जे फोटो होते त्यांत हॅलिना माझ्यापुढे खुर्चीत बसलेली, आणि तिच्या डोक्याआड नेमकी गावे झाकलेली.

हॅलिना थकली तेव्हा तिला एकच ध्यास लागला. गावची मूठभर माती आपल्या शवपेटीत असावी. रिचर्ड कसनुसे हसला. इथल्या विमानतळावर बुटाच्या तळाचा चिखलसुद्धा तपासतात, माती कोण येऊ देणार?

"मग मला तिकडे ने," ती म्हणाली. "राख करून ने. पण अर्धी इथे, अर्धी तिथे असं करू नकोस. आयुष्यभर तेच झालं माझं. सगळी एका ठिकाणी ठेव. नकाशावर कुंकू आहे, तिथे जा. विहिरीपाशी."

रिचर्डने शब्द दिला. विहीर कशी होती, चर्चला जाताना नदी लागायची का, हे त्याने तेव्हाही विचारले नाही. त्याला वाटले, ठिपका आहे की!

पुढे ती हॅमिल्टनच्या एका वृद्धाश्रमात गेली आणि मी तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर. तिला एकेक गोष्ट आठवेनाशी होत चालली होती. तिथे दीप्ती कामाला होती. पुण्याची मुलगी, शिकायला आली आणि इथेच राहिली. फार मायाळू. रोज सकाळी आत येऊन इथल्या माओरी रीतीने म्हणायची, "किआ ओरा, आजी! झोप झाली का?" हॅलिनाला वळिवड्याचे चार शब्द अजून येत होते. ती दीप्तीला बाई म्हणायची, आणि दीप्तीचे डोळे भरून यायचे.

खंडेनवमीचा दिवस होता. शाळेला सुट्टी म्हणून दीप्तीने आपल्या मुलीला, ओवीलाही बरोबर आणले होते. ज्याच्या जोरावर माणूस जगतो त्या वस्तूची त्या दिवशी पूजा करायची, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दीप्तीने हॅलिनाचा चष्मा मांडला, वॉकर मांडला आणि विचारले, "आजी, तुमचं शस्त्र कुठलं?" हॅलिनाने माझ्याकडे बोट केले.

दीप्तीने मला उतरवून पलंगावर पसरले. ठिपके बघून ती चकित झाली. "अय्या, हे तर कुंकू आहे!"

"कुंकू," हॅलिना म्हणाली. किती वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडून आला होता!

"ओवी, बघ ना, वळिवड्याला पूजा केलेली दिसतेय याची. कसलं फिकं झालंय बिचारं."

"मम्मा, शुड वी आस्क हर सन फर्स्ट?" ओवी म्हणाली.

"अगं, पूजा करायला काय विचारायचं?"

मित्रांनो, ते एवढेसे वाक्य. मला ओरडावेसे वाटले, पण कापडाला कुठला आवाज? दीप्तीने ओले कुंकू घेतले. हॅलिनाच्या तोंडी दोंब्रुव्का हे नाव तिने शंभरदा ऐकले होते, आणि माझ्यावर ते तीन ठिकाणी लिहिलेले होते. एकाच गावाला कुंकू आणि बाकी दोघी पांढऱ्या कपाळाच्या, हे तिच्या मनाला पटेना. तिने तिघींना ठसठशीत बोटे लावली, वर अक्षता वाहिल्या आणि हात जोडले.

हॅलिनाने नेहमीप्रमाणे बोट पुढे केले. ते एका ठिपक्यावर गेले, तिथून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. मग हवेतच थांबले. तिने दीप्तीकडे पाहिले आणि लहान मुलीसारखे विचारले, "बाई, माझं कुठलं?"

दीप्तीने झटकन ओला वाइप घेऊन पुसायला सुरुवात केली. नवे कुंकू गेले, त्याबरोबर जुनेही गेले. तिन्ही गावांभोवती सारखाच गुलाबी ढग राहिला.

रिचर्ड टौरंगाहून आला. दीप्ती रडत रडत सांगत होती आणि तो तिच्या खांद्यावर थोपटत होता. "नो वरीज, दीप्ती. यू मेन्ट वेल." मग तो आईपाशी बसला आणि बाईंनी विचारले होते तेच प्रश्न त्याने विचारले, तब्बल एका जन्माच्या उशिराने. चर्चला जाताना नदी लागायची का, मॉम?

"लागायची ना," हॅलिना आनंदाने म्हणाली. "पंचगंगा."

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारले. तेव्हा ती वायकाटो म्हणाली, ती हॅमिल्टनची नदी. ओल्शांका काही तिच्या ओठावर आली नाही. हिवाळ्यात ती गेली. दीप्ती अंत्यविधीला मागच्या बाकावर बसली होती. नंतर तिने ते काम सोडले. आता ती दुसऱ्या शहरात, पेनरोजला एका गोदामात कामाला आहे. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत परत पाऊल ठेवायचे नाही म्हणते. तिचे मन मोठे होते हो. तिच्यासाठीही मला वाईट वाटते.

आता माझ्या शेजारच्या डब्यात कोण आहे ते तुम्हाला कळले असेल. रिचर्डने तिकीट काढले होते, ते रद्द केले. तीन ठिकाणी वाटायचे नाही असा शब्द दिलेला, आणि चुकीच्या गावी परक्याच्या विहिरीपाशी तिला ठेवायला त्याचे मन धजत नाही. तो संध्याकाळी येतो, गाडी लावतो, आमच्याकडे न बघता दिवा घालवतो. सगळी एका ठिकाणी ठेव, असे तिने सांगितले होते. ती सगळी एका ठिकाणी आहे, रंगाच्या डब्यांशेजारी.

आणि मला ठाऊक आहे, हो! कुंकू पुसले गेले, पण जन्मभर जिथे तिचे बोट टेकले तिथे माझा मांजरपाट झिजला आहे. तीन गावांपैकी एकाच गावाखालचे सूत विरले आहे. कोणी मला नुसते खिडकीशी उजेडासमोर धरले असते तर तेवढ्यातून प्रकाश आला असता. पण मला गुंडाळून ठेवले आहे. गॅरेजमध्ये ओल आहे, झुरळे आहेत, आणि कापड जिथे विरलेले असते तिथूनच ती आधी खातात.

मित्रांनो, घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला उजळवू नका, पुसू नका. ती ज्याची आहे त्याच्याजवळ आधी बसा आणि विचारा, त्याला आठवते आहे तोवर विचारा. माझ्यासाठी आता उशीर झाला आहे. तरी तुमच्यापैकी कोणी कधी टौरंगाला गेलेच, तर एवढे करा. रिचर्डला सांगा, वरची दोंब्रुव्का. नदीच्या पलीकडची.