त्र्याहत्तराव्या पानावरची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी प्रयोगवही आहे. जुनी म्हटलेले मला मुळीच लागत नाही. माझ्या पुठ्ठ्याचे कोपरे झिजले आहेत, पुढच्या बाजूला चहाच्या कपाचा अर्धा गोल आहे आणि मागच्या बाजूला अंगठा बसेल एवढा खळगा आहे. यांतली एकही खूण मला पुसायची नाही. का, ते ओघाने सांगतेच.

माझा जन्म छापखान्यात झाला. माझे एक पान रेघांचे आणि समोरचे कोरे. रेघांच्या पानावर निरीक्षणे लिहायची, कोऱ्या पानावर आकृती काढायची. माझ्या शेजारच्या गठ्ठ्यातल्या वह्यांना नुसत्या तारेच्या पिना मारल्या होत्या. मला मात्र जाड दोऱ्याने शिवले होते. दुकानात एका मुलीने मला उघडले, पाठीवरून बोट फिरवले आणि दुकानदाराला म्हणाली, "हीच द्या. हिची शिवण चांगली आहे." शिंपीणबाईची लेक होती ती. तिला शिवण कळणारच!

ती विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होती. तिचा मामा टंकलेखक होता. निवृत्त झाल्यावर तो बहिणीकडेच राहायला आला होता आणि भाचीला 'दुर्बीण' म्हणायचा. कारण ताटातला भात खाण्याआधी तिने त्यातला खडा लांबूनच ओळखलेला असायचा. मीही तिला दुर्बीणच म्हणते.

प्रयोगशाळेतल्या बाई कडक होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितले, "आधी शाईने पानांना क्रमांक घाला. म्हणजे मधलं पान फाडायचा मोह होणार नाही. आणि चुकलं तर गिरगटायचं नाही, खोडरबर नाही, पांढरी शाई तर मुळीच नाही. चुकीवर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहा, सही करा, तारीख घाला."

दुर्बिणीने तिथल्या तिथे माझ्या एकशे चव्वेचाळीस पानांना क्रमांक घातले. तीन वर्षांत माझी सत्तर पाने भरली. सत्ताविसाव्या पानावर तिने परागकण काढले आहेत. सूक्ष्मदर्शकात एक डोळा, माझ्यावर दुसरा, अशी ती चार तास बसली होती. बाईंनी ते पान सगळ्या वर्गात फिरवले. त्या दिवशी मी इतकी फुगले होते, की मला दप्तरात कोंबताना जड गेले असेल.

शिक्षण संपले आणि माझे दिवस फिरले. घरात आईचे शिलाईयंत्र एका पायाने डुगडुगत होते. मामाने माझी जाडी डोळ्यांनी मोजली आणि मला त्या पायाखाली सरकवले. माझ्या मागच्या पुठ्ठ्यावरचा खळगा तेव्हाचा. दोन वर्षे मी अंधारात पडून होते. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू? पण यंत्र एकदाही डुगडुगले नाही, हेही तितकेच खरे.

मग एके दिवशी यंत्र उचलले गेले. परदेशातल्या एका प्रकाशन संस्थेला शालेय पुस्तकांसाठी हाताने काढलेल्या शास्त्रीय आकृत्या हव्या होत्या. दुर्बिणीने माझे सत्ताविसावे पान उघडले, खिडकीपाशी उजेडात धरले आणि त्याचा फोटो पाठवला. आठ दिवसांत उत्तर आले. काम मिळाले! पहिल्या कामाचे चारशे परकीय चलनात येणार होते.

"म्हणजे इथे घरात बसून तिकडचा पगार?" आईने विचारले.

"हो गं."

"आणि ते लोक तुला ओळखतात?"

"मला नाही, माझ्या वहीला ओळखतात."

हे वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

पैसे मिळवण्याइतकेच ते हातात पडणे अवघड असते, हे आम्हांला नंतर कळले. पहिली रक्कम आली तेव्हा बँकेने एक अर्ज भरायला दिला. पैसे कशाचे, असा त्यात रकाना होता आणि समोर बारीक अक्षरांत बावीस पर्याय होते. दुर्बीण एकेक वाचत बसली. मामा कंटाळला. "अगं, 'नातेवाईकांकडून मदत' यावर खूण कर आणि मोकळी हो. काम म्हटलंस की करार आण, बिल आण, सतरा प्रश्न. तिकडे बसलेल्याला काय कळतंय, तो तुझा काका आहे की मामा?"

तिने खूण केली. घरी येऊन माझ्या त्र्याहत्तराव्या पानावर नवा तक्ता आखला आणि पहिल्या ओळीत 'नातेवाईकांकडून मदत' असे लिहिले. तीन दिवस ती त्या ओळीकडे बघत होती. चौथ्या दिवशी तिने त्यावर एकच रेघ मारली, शेजारी 'चित्रकामाचे मानधन' असे लिहिले, सही केली, तारीख घातली आणि बँकेत गेली. परत येऊन खालच्या ओळीत नोंदवले: 'खिडकी क्रमांक चार. चूक सांगितली. उत्तर: राहू द्या, पुढच्या वेळी नीट भरा.'

पुढच्या प्रत्येक वेळी तिने नीटच भरले. माझ्यावर ती प्रयोगासारखीच नोंद करायची: बिल किती, पोचले किती, फरक किती, त्या दिवसाचा दर काय. पाचव्या नोंदीला ती टुणकन उठली. "मामा, बघ! दोनशेचं बिल असो की सहाशेचं, फरक बाराचाच. टक्केवारी नाही, ठरलेला आकडा आहे. मधली कुठलीतरी बँक तेवढे कापते!" मामा म्हणाला, "लोक पैसे कापले म्हणून रडतात आणि आमची दुर्बीण नियम सापडला म्हणून नाचते."

करातही असाच घोळ होता. तिकडची संस्था बिलाची रक्कम ठरवतानाच थोडा कर वजा करायची आणि इथे पूर्ण उत्पन्नावर पुन्हा कर भरायचा होता. तिकडे कर कापल्याचा दाखला आणलास तर तेवढी सूट मिळेल, असे करसल्लागाराने सांगितले. त्या एका कागदासाठी तिने चार पत्रे धाडली. तो दाखला माझ्या एकोणऐंशीव्या पानावर डिंकाने चिकटवलेला आहे. वर्षाचे विवरणपत्र भरताना तिने पहिल्या चारशेंवरही कर भरला. मामा म्हणाला, "ते तर मदत म्हणून आलेत ना?" ती म्हणाली, "मामा, मदत खोडली मी."

दीड वर्ष सुरळीत गेले. तेवढ्यात आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. सुईत दोरा ओवायला ती शेजारच्यांना हाक मारू लागली. कापडावरची खडूची रेघ दिसेना, म्हणून बोटाने चाचपून शिवू लागली. डॉक्टरांनी शनिवारची तारीख दिली. पैसे शुक्रवारी दुपारपर्यंत भरायचे, नाहीतर ती तारीख दुसऱ्याला, आणि आपली पाळी तीन महिन्यांनी.

आणि नेमके सोमवारी बँकेने दुर्बिणीचे खाते गोठवले. परदेशातून येणाऱ्या रकमांचा खुलासा करा, तोवर एक पैसाही काढता येणार नाही, अशी चिठ्ठी आली.

आई हसून म्हणाली, "राहू दे गं. तीन महिने काय, शिवण माझ्या हातांना पाठ आहे." पण तिच्या डाव्या तर्जनीवर सुई टोचल्याच्या खुणा होत्या आणि दुर्बिणीला त्या दिसत होत्या.

मामाने कधी नव्हे ते टंकलेखनाचे कसब पणाला लावले. रात्रीतून त्याने सगळ्या नोंदींचा सुबक तक्ता छापून काढला. माझ्या पुढच्या पुठ्ठ्यावरचा चहाच्या कपाचा अर्धा गोल त्याच रात्रीचा. मंगळवारी दोघे बँकेत गेले. आकडे पडताळायला म्हणून मला पिशवीच्या तळाशी टाकले होते.

परकीय चलन विभागातल्या अधिकारीबाई चष्म्यावरून बघायच्या. त्यांनी छापील तक्ता हातात घेतला. "छान आहे. कधी केलात?"

"काल," मामा अभिमानाने म्हणाला.

"मग हा कालचाच कागद झाला. हे बघा, माझ्या दोन अडचणी आहेत. एक, प्रत्येक वेळी बिल वेगळं आणि जमा वेगळी. दोन, पैसे पाठवणारा एकच आहे, पण तो आधी नातेवाईक होता आणि नंतर कंपनी झाला. नक्की कोण आहे तो? त्या-त्या वेळी लिहिलेलं काही असेल तर दाखवा."

दुर्बिणीचा हात पिशवीत गेला आणि माझ्या पाठीवर थांबला. मामाने कोपराने ढोसले आणि ओठ न हलवता पुटपुटला, "ती नको काढूस. त्यात तू स्वतःच्या हाताने 'मदत' लिहिलंयस."

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. तिच्या बोटांचा घाम माझ्या शिवणीला लागला होता. शनिवार चार दिवसांवर होता. तिने मला बाहेर काढले, त्र्याहत्तरावे पान उघडले आणि बाईंपुढे ठेवले.

"मी पहिल्यांदा चुकीचं भरलं होतं, मॅडम. इथे आहे."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "खोडलेलं वाचता येतंय."

"आमच्या बाईंनी तसंच शिकवलंय."

"इथे लोक पांढरी शाई फासून कागद आणतात, आणि तुम्ही चूक तारखेसकट आणलीत?" बाईंनी पाने मागेपुढे चाळली, क्रमांक सलग आहेत का ते मोजले. बाराच्या फरकाशी थबकल्या, तीन नोंदी स्वतः वजा करून पाहिल्या. मग खालची ओळ मोठ्याने वाचली, "खिडकी क्रमांक चार. राहू द्या, पुढच्या वेळी नीट भरा." बाईंनी मान वळवून चार नंबरच्या खिडकीकडे पाहिले. खिडकीतले गृहस्थ अचानक टेबलाखाली पडलेले काहीतरी शोधू लागले.

"पहिल्या रकमेवर कर भरलाय?"

दुर्बिणीने विवरणपत्राची प्रत पुढे केली. भरला होता.

"चूक झाली तेव्हा कळवलं, तर मग ती लपवलेली नाही," बाई म्हणाल्या. "दुरुस्तीचा अर्ज द्या, थोडं शुल्क पडेल. हिच्या या पानांच्या प्रती काढून द्या. पण पान सुटं करू नका हं, वही उघडीच ठेवून काढा." आणि मला परत देताना त्यांनी माझा पुठ्ठा हलकेच थोपटला. "मागे हा खळगा कसला?"

"घरचं शिलाईयंत्र हिच्यावर उभं होतं," मामा म्हणाला. आता तोही छाती काढून बोलत होता.

शुक्रवारी सकाळी अकराला खाते मोकळे झाले. साडेअकराला रुग्णालयाची पावती हातात होती. शनिवारी शस्त्रक्रिया झाली.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी आईने मला मागितले. या धावपळीत माझी शिवण मध्यावर उसवली होती. आईने सुई उजेडात धरली आणि कुणालाही हाक न मारता दोरा ओवला. दुर्बीण बघत उभी होती, मामा उगीच नाक पुसत होता. टाके घालता घालता त्र्याहत्तरावे पान उघडले. आईने डोळे बारीक केले.

"हीच का ती रेघ?"

"हो."

"तिरकी मारलीस गं. पट्टी धरायला काय झालं होतं?"

मित्रांनो, माझी अजून साठेक पाने कोरी आहेत, आणि आता मी यंत्राखाली नाही, टेबलावर राहते. तुमच्याही दप्तरात माझी एखादी बहीण असेल. तिला पहिल्याच दिवशी क्रमांक घाला. जे घडले ते त्याच दिवशी लिहा, आणि चुकलात तर पान फाडू नका. फाडलेले पान कुणाची साक्ष देणार? एकच रेघ मारा, सही करा, तारीख घाला. आणि आमच्या आईचे ऐकाल तर, रेघ पट्टी धरून मारा.